वसईचे तह आणि देवाचा करार

वसईचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येते ते बहुधा एखाद्या तहाच्या निमित्ताने. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाला हुमायूनची धास्ती होती. पोर्तुगीजांचे पाठबळ मिळावे म्हणून त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि भोवतालचा मुलूख त्यांना तोडून दिला. हुमायूनचे संकट ओसरल्यावर दोघांचे बिनसले आणि १५३७ च्या फेब्रुवारीत दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत सुलतान मारला गेला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांपुढे पुणे सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला. सहा हजारांहून कमी नसलेली इंग्रजी पायदळ फौज पदरी बाळगायची आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख द्यायचा, असे ठरले. १८१८ साली पेशवाईच संपली. दोन्ही तहांची घडण सारखी आहे. अडचणीतला राजा बलवानाच्या दारी जातो, काही देतो, काही घेतो, आणि ज्याला पुढे अडचण उरत नाही तो आपल्या सोयीने कागद वाचू लागतो. याच वसईत, पापडीच्या कॅथेड्रलपासून नंदाखालपर्यंतच्या चर्चमध्ये दर रविवारी मराठी मिस्सेत धर्मगुरू द्राक्षारसाचा प्याला उचलतात आणि एका नव्या, सार्वकालिक कराराचे नाव घेतात. बायबलचे दोन भागही जुना करार आणि नवा करार याच नावांनी ओळखले जातात. देव आणि माणूस यांच्यामधला हा करार वरच्या तहांच्याच जातीचा असेल, तर त्याला धर्म म्हणण्याचे कारण राहत नाही. तो फार तर एक वजनदार सौदा ठरेल. माझे म्हणणे असे की बायबलमधला करार हे बलवान पक्षाने आधी स्वतःला बांधून घेऊन जोडलेले नाते आहे, आणि त्यातले माणसाचे देणे मुख्यतः शेजाऱ्याच्या पदरात पडते. हे पटवून द्यायचे तर आधी एका जवळच्या, आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीशी त्याची गाठ घालून द्यावी लागेल. ती गोष्ट म्हणजे नवस.

वसई-दिवा लोहमार्गावर जूचंद्र हे गाव आहे. आगरी वस्तीचे, रांगोळीच्या कलाकारांसाठी नावाजलेले आणि डोंगरावरच्या चंडिका देवीमुळे दूरवर ओळखले जाणारे. नवरात्रात तिथे भाविकांची रीघ लागते. लोहमार्गाच्या पश्चिमेला वसई गावाच्या बाजूला गेले की रमेदी मातेचे चर्च लागते. वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत तर मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकत मिळतात आणि ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय माऊलीपुढे ठेवतो. तिथे येणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. डोंगर कुठला आणि माऊली कोणती हे वेगळे असले तरी बोलणे एकच असते: आई, माझे एवढे काम कर, मी तुझे एवढे करीन. नवसाची टिंगल करणे सोपे आहे आणि शहरी लेखकांनी ती पुरेशी केली आहे. माणूस अगतिक होतो तेव्हा त्याच्याकडे बोलण्यासारखे हेच उरते, आणि नवसात निदान देवाशी बोलणे तरी असते. पण नवसाची रचना पाहिली तर ती तहाचीच आहे. अट आधी, देणे नंतर. काम झाले तर फेड, नाही झाले तर दोघेही मोकळे. ख्रिस्ती माणसाचेही देवाशी असलेले रोजचे व्यवहार बहुतेक याच मापाने चालतात. म्हणून बायबल या मापाला काय म्हणते, ते पाहायला हवे.

बायबलमध्ये नवसाची बंदी नाही. त्यातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात एवढेच म्हटले आहे की बोललास तर फेड, आणि बोललाच नाहीस तर त्यात पाप नाही. हन्नाचा नवस फळला आणि तिला शमुवेल झाला. इफ्ताहाचा नवस मात्र अंगावर काटा आणणारा आहे. विजय मिळाला तर घरातून जे पहिले सामोरे येईल ते अर्पण करीन असे तो बोलून बसला, आणि सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. पण या विषयात सर्वांत बोलकी गोष्ट याकोबाची आहे. भावाला फसवून पळालेला हा तरुण उघड्यावर दगड उशाशी घेऊन झोपतो. स्वप्नात देव त्याला सांगतो की ही भूमी मी तुला देईन, तुझ्याबरोबर राहीन, जाशील तिथे तुला सांभाळीन आणि परत आणीन. या वचनात कुठेही अट नाही. सकाळी उठल्यावर याकोब काय करतो? देव माझ्याबरोबर राहिला, मला अन्नवस्त्र दिले आणि सुखरूप घरी आणले, तर तो माझा देव होईल आणि मी त्याला दशमांश देईन, असा नवस बोलतो. जे रात्री फुकट मिळाले होते ते तो सकाळी अटी घालून विकत घ्यायला निघतो. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि निवेदक त्यावर एक शब्दही बोलत नाही. करार आणि नवस यांतले अंतर इतके स्पष्टपणे बायबलमध्ये दुसरीकडे क्वचितच दिसते.

आता कराराकडे येऊ. प्राचीन पश्चिम आशियात करार ही राजकारणातली रुळलेली रीत होती. तुर्कस्तानात बोआझकोय इथे हित्ती राज्याच्या राजधानीचे उत्खनन १९०६ साली सुरू झाले आणि मातीच्या पाट्यांवर लिहिलेले कितीतरी तह हाती आले. इसवी सनापूर्वी सुमारे १२५९ साली हित्ती राजा आणि इजिप्तचा दुसरा रामेसेस यांच्यात झालेल्या तहाची प्रतिकृती आज संयुक्त राष्ट्रांच्या न्यू यॉर्कच्या मुख्यालयात लावलेली आहे. तो बरोबरीच्या दोघांचा तह होता. मांडलिकांशी होणारे तह निराळे असत. त्यांत आधी सम्राटाची ओळख, मग त्याने मांडलिकावर केलेल्या उपकारांची हकिकत, मग अटी, मग देवतांची साक्ष, आणि शेवटी पाळणाऱ्याला आशीर्वाद व मोडणाऱ्याला शाप. सीनाय डोंगरावरच्या कराराची घडण या साच्याशी जुळते, हे अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ साली दाखवून दिले. पुढच्याच वर्षी निमरूद इथे असीरियाचा राजा एसरहद्दोन याचे इसवी सनापूर्वी ६७२ मधले तहनामे सापडले, आणि त्यांतले शाप अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातल्या शापांच्या इतके जवळचे निघाले की योगायोग म्हणून ते सोडून देता येईना. म्हणजे बायबलच्या लेखकांनी आपल्या काळाची राजकीय भाषाच वापरली. श्रद्धाळू वाचकाला यात बिचकण्याचे कारण नाही. परिचित साच्यात त्यांनी काय बदलले, हे पाहिले की त्यांना काय सांगायचे होते ते कळते.

सगळ्यांत मोठा बदल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. त्या काळी शपथ घेताना जनावर कापण्याची रीत होती. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या एका असीरियन तहात कोकराचे डोके कापून स्पष्ट म्हटले आहे की हे डोके कोकराचे नसून मांडलिक राजा मतीइलूचे आहे. तहाशी बेइमानी केली तर त्याचेही असेच होवो. यिर्मयाच्या पुस्तकातही कापलेल्या वासराच्या दोन भागांमधून चालत गेलेल्या आणि नंतर शब्द मोडलेल्या सरदारांचा उल्लेख आहे. जेव्हा अब्राहाम कालवड, बकरी आणि मेंढा कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर ठेवतो, तेव्हा त्या काळच्या श्रोत्याला पुढचे दृश्य ठाऊकच असणार: आता दुबळा पक्ष त्या तुकड्यांमधून जाईल आणि स्वतःवर शाप ओढवून घेईल. पण अब्राहामाला गाढ झोप लागते. अंधार पडतो, आणि धुमसती शेगडी व पेटती मशाल त्या तुकड्यांमधून सरकत जाते. ही देवाच्या सान्निध्याची चिन्हे आहेत. मोडणाऱ्याच्या वाट्याचा शाप सम्राट स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि मांडलिक झोपलेला असतो. त्या काळच्या राजांनी मांडलिकापुढे असे केल्याची नोंद क्वचितच सापडते. तहनाम्याच्या चौकटीत बसवलेले हे दृश्य त्या चौकटीलाच आतून उलटवते.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. अब्राहामाचे ठीक, पण सीनायच्या करारात दहा आज्ञा आहेत, शेकडो नियम आहेत आणि मोडल्यास भयंकर शाप आहेत. मग ती अट नव्हे तर काय? याला दोन उत्तरे आहेत. पहिले क्रमाचे. निर्गमाच्या पुस्तकात आधी सुटका होते, समुद्र ओलांडला जातो, रानात अन्न मिळते, आणि मग एकोणिसाव्या अध्यायापासून कराराची बोलणी सुरू होतात. आज्ञांच्या आधीचे वाक्यच मुळी, मिसरच्या गुलामगिरीतून मी तुम्हांला बाहेर काढले, याची आठवण देणारे आहे. दत्तक घेतलेल्या मुलाला घराची रीत पाळावी लागते, पण रीत पाळली म्हणून त्याला दत्तक घेतलेले नसते. तसे हे आहे. अर्थात उपकार आधी सांगण्याची चाल हित्ती सम्राटाचीही होती, हे वर आलेच. तेव्हा क्रम एकट्याने काही सिद्ध करत नाही. दुसरे उत्तर जास्त वजनाचे आहे. सम्राट आपल्या उपकारांच्या बदल्यात खंडणी, फौज आणि फितुरांना धरून देण्याची हमी मागत असे. सगळी फेड सम्राटाच्याच पदरात. सीनायच्या करारात फेड वळते ती भलतीकडे. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसरात परके होता. विधवा आणि अनाथ यांना गांजू नका. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नका. त्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करा, कारण रात्री पांघरायला त्याच्याकडे दुसरे काही नाही. लेवीय पुस्तकात तर पन्नासाव्या वर्षी विकलेल्या जमिनी मूळ कुटुंबांकडे परत जाव्यात, असे आहे. देवाच्या पूजेचे नियम नाहीत असे नाही. भरपूर आहेत, आणि आजच्या वाचकाला ते कंटाळवाणे वाटतात. पण पूजा बिनचूक आणि शेजारी नागवलेला, असे झाले की आमोससारखे संदेष्टे करार मोडल्याचीच फिर्याद लावतात. नवसात तिसऱ्या माणसाला जागा नसते. या करारात तोच मध्यभागी आहे.

मोडल्यावर काय होते, ही करार ओळखण्याची आणखी एक खूण. तहात एक बाजू उलटली की दुसरीही मोकळी होते. बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तेच झाले. होशेयच्या पुस्तकात मात्र देव बेइमान बायकोला टाकून न देणाऱ्या नवऱ्याच्या रूपात येतो. ही प्रतिमा आजच्या स्त्रीवाचकाला खटकेल आणि खटकावी. तिच्यात त्या काळचा पुरुषी अहंकार आहे. पण तिचा रोख इतकाच की मोडलेल्या करारानंतरही एक पक्ष तो संपला असे मानायला तयार नाही. यिर्मया पुढे जाऊन म्हणतो की देव नवा करार करील आणि त्याचा नियम दगडी पाट्यांऐवजी हृदयावर लिहील. दुसऱ्या बाजूला एकोणनव्वदावे स्तोत्र आहे. दावीदाच्या गादीला दिलेले वचन तूच मोडलेस, असे ते स्तोत्र देवाच्या तोंडावर सांगते. ही तक्रार कुणी गाळली नाही. ती प्रार्थनेच्या पुस्तकातच ठेवली. सम्राटाच्या दरबारात असा अर्ज करणाऱ्याचे डोके कोकराच्या डोक्याशेजारी गेले असते. करारात सशर्त आणि बिनशर्त असे दोन सूर आहेत आणि बायबलने ते पूर्णपणे जुळवून दाखवलेले नाहीत, हे अभ्यासकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण जिथे दुबळ्याला बलवानाकडे शब्दाचा जाब मागता येतो, तिथे नात्याचा पाया घातलेला असतो.

येशूने शेवटच्या भोजनात हीच जुनी सूत्रे हाती घेतली. सीनायच्या पायथ्याशी मोशेने अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले होते, आणि मग वडीलधाऱ्यांनी डोंगरावर देवासमोर जेवण केले होते. येशू प्याला उचलून तो आपल्या रक्तातला नवा करार आहे असे सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर जातो. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने पंधराव्या अध्यायातली ती मशाल इथे शेवटास जाते: मोडणाऱ्याचा शाप न मोडणाऱ्याने सोसला. हे मानायचे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. पण या भोजनाचा जुन्यात जुना लेखी वृत्तांत कोणत्या संदर्भात आला, हे फारसे सांगितले जात नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो आहे, आणि पौल तो सांगतो तो संतापून. तिथले खातेपिते लोक आधी येऊन जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत. तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौल त्यांना सुनावतो. म्हणजे नव्या कराराची साक्ष पहिल्यांदा कागदावर उतरली ती पंक्तिभेदाच्या तक्रारीतून. वसईच्या ख्रिस्ती समाजाला हा संदर्भ झोंबणारा आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी हे समाज एकाच वेदीपुढे गुडघे टेकत आले आणि सोयरिकी मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यात जुळवत आले. अलीकडे ही कुंपणे सैल होत आहेत, पण ती इतकी वर्षे उभी होती आणि त्या सगळ्या वर्षांत दर रविवारी कराराचा प्याला उचलला जात होता. बायबलच्याच मापाने मोजायचे तर ती कराराची मोडतोड होती.

करार म्हणजे सौदा नव्हे, हा धडा विवाहाच्या बाबतीत चर्चने स्वतःच उशिरा गिरवला. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत विवाहाची मांडणी मुख्यतः कंत्राटाच्या कायदेशीर भाषेत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवाहाला जीवनाचे आणि प्रेमाचे नाते म्हटले, आणि १९८३ च्या संहितेत १०५५ व्या कलमाने त्याला करार म्हटले. कंत्राट हा शब्द त्याच कलमात पुढे राहिलाच आहे. कायद्याला हक्काची भाषा सोडवत नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेत तर करार हाच धर्मशास्त्राचा कणा झाला. झुरिकचा हाइन्रिख बुलिंगर याने देवाच्या एकमेव आणि शाश्वत करारावरचा आपला ग्रंथ छापला तो १५३४ साली, म्हणजे वसईचा पहिला तह झाला त्याच वर्षी. मराठीत हा विचार त्याहून वेगळ्या वाटेने आला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणाचे पैले पुराण आणि दुसरे पुराण असे दोन भाग केले आणि जुन्या-नव्या कराराची कथा ओवीत बसवली. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या तोवर ते काम हातावेगळे झाले होते. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांच्या सुबोध बायबलने ही परंपरा आपल्या काळापर्यंत आणली.

निवडलेपणाचा आक्षेप जास्त अवघड आहे. देवाने एका लोकांशी करार केला म्हणजे बाकीच्यांना वाळीत टाकले काय? बायबलचे उत्तर नोहापासून सुरू होते. पहिला करार अब्राहामाशी नाहीच. तो जलप्रलयानंतर सर्व माणसांशी आणि पशुपक्ष्यांसकट सर्व जिवंत प्राण्यांशी आहे, आणि त्यात माणसाला कसलीही अट नाही. आमोस तर इस्राएलला टोचून सांगतो की मिसरातून तुम्हांला आणले तसे पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही देवानेच त्यांच्या देशी आणले. पण चर्चचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. नवा करार आला, जुना रद्द झाला, तेव्हा यहुदी टाकाऊ ठरले, असे शतकानुशतके शिकवले गेले आणि युरोपातल्या यहुद्यांनी त्याची किंमत रक्ताने मोजली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा सूर सोडला. १९८० मध्ये माइन्झ इथे यहुदी प्रतिनिधींशी बोलताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुना करार देवाने कधीही मागे घेतलेला नाही, असे म्हटले. त्याचा आधार पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातच होता. एकोणीस शतके तो वाचला जात होता, हे मात्र लक्षात ठेवावे लागेल.

मराठी वाचकाला हा जुना करार जिवंत पाहायला युरोपात जायला नको. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांचे पूर्वज गलबत फुटून आले अशी परंपरा आहे, ते बेने इस्राएल यहुदी कोकणात तेलाचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली म्हटले जात. त्यांच्याकडे धर्मग्रंथ उरला नव्हता, हिब्रू उरली नव्हती. तरी शब्बाथ, आठव्या दिवशी मुलाची सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम त्यांनी सोडले नाहीत, आणि यातल्या पहिल्या दोन बायबलप्रमाणे कराराच्या खुणाच आहेत. १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, तेव्हा कुठे त्यांना मूळ भाषेची वाट मिळाली. कोकणातल्या एका छोट्या समाजाने ग्रंथ हाती नसताना एवढी शतके करार सांभाळला, आणि त्याबद्दल त्यांना ना राज्य मिळाले ना संपत्ती. नवसाच्या हिशेबात हे बसत नाही. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करताना तेही नवस बोलतात, ही गोष्ट वेगळी. माणूस एकाच वेळी दोन्ही भाषा बोलू शकतो.

वसईच्या ख्रिस्ती लोकांवरचा जुना आक्षेप असा की त्यांचा हा करारच मुळी सत्तेच्या छायेत झाला. तो खोडून काढता येणार नाही. सोळाव्या शतकातले धर्मांतर पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने झाले, देवळे पाडली गेली, आणि अनेकांच्या मनात श्रद्धेइतकीच भीती आणि सवलतीही होत्या. अशा बाप्तिस्म्यांना कराराचे नाव देणे अवघड आहे. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. आश्रय संपला, सवलती संपल्या. निव्वळ तह असता तर तो त्या महिन्यातच संपायला हवा होता. पुष्कळ लोक राहिले, मराठी बोलत, शेती आणि मासेमारी करत, आणि त्यांची प्रार्थना चालू राहिली. सक्तीने रुजलेली गोष्ट नंतर मनापासूनची होऊ शकते काय? याचे सरसकट उत्तर देता येत नाही, पण वसईपुरते ते हो असे आहे. त्याआधीचे एक उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया व्यापार सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संत घोषित करण्यात आले. नवसाच्या वहीत त्याचे खाते तोट्यात निघेल.

मराठी मनाचा शेवटचा प्रश्न बहुधा असा असेल: हे सगळे भक्तीनेच सांगितलेले आहे, मग कराराची वेगळी भाषा कशाला? ना. वा. टिळक तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, आणि त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही. विठ्ठल विटेवर थांबला तो पुंडलिक आईबापांची सेवा करत होता म्हणून. तिथेही देव थांबतो आणि माणसाचे कर्तव्य माणसाकडे वळते. साम्य खरे आहे. फरक मला एका बाबतीत दिसतो. करार एकट्या भक्ताशी होत नाही, तो एका जनसमूहाशी होतो, लेखी असतो, लोकांपुढे मोठ्याने वाचला जातो, आणि म्हणून त्याचा भंग उघडपणे दाखवता येतो. दुष्काळात व्याज कोणी घेतले, परक्याला कोणी हुसकले, जमीन कोणी गिळली, हे प्रश्न तो प्रार्थनेच्या दारातच विचारतो. लेवीय पुस्तकात देव म्हणतो की भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याकडे पाहुणे आहात. वसईतल्या बिल्डरशाहीविरुद्ध आणि पाण्याच्या उपशाविरुद्ध दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा काहींना धर्मगुरूने यात का पडावे असे वाटले. कराराचे पान उघडले असते तर तो प्रश्न पडला नसता.

ज्यांना हे मुळातून पाहायचे आहे, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, त्यांनी बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. बहुतेकजण वंशावळ्यांपाशी थांबतात. उत्पत्तीचा पंधरावा आणि अठ्ठाविसावा अध्याय, निर्गमाचे एकोणीस ते चोवीस, यिर्मयाचा एकतिसावा, आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय या क्रमाने वाचावेत. एका बैठकीत होण्यासारखे हे वाचन आहे.